दशरथतात्यांचा विरोध

“दगड केवढा होता?” शमुवेलबाबांनी विचारलं.

सुहास उजागरेने दोन्ही हात पुढे करून नारळाएवढं माप दाखवलं.

शमुवेलबाबा अंगणात खाटेवर ऊन खात पडले होते. गुडघ्यांना तिळाचं तेल चोळलेलं, धोतर वर घेतलेलं, डोक्यावर माकडटोपी, डोळे मिटलेले. उभी हयात त्यांनी खेडोपाडी पाळक म्हणून काढली होती. आता निवृत्त झाले तरी अडलेले पाळक त्यांच्याकडेच येत.

त्यांनी एक डोळा उघडून ते माप पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला.

“कोणाला लागला?”

“लागला नाही. चर्चच्या पत्र्यावर पडला. ऐन उपासनेत.”

“पत्रा फाटला असेल.”

“फाटला नाही... पोचा आलाय.”

सुहासचे हात नकळत जवळ आले. आता माप पेरूएवढं झालं होतं.

“चर्चच्या मागं बोरीचं झाड आहे ना अजून?”

“आहे.”

“लागलीत बोरं?”

“...लागलीत.”

“बरं,” म्हणून बाबा कुशीवर वळले. पोरांचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. सुहासने हात मांडीवर ठेवून दिले.

सुहास हिवरदऱ्याचा नवा पाळक. पहिलीच नेमणूक. शिकलेला, आवाज गोड, आणि दोन्हींची त्याला पुरती कल्पना होती. हिवरदऱ्यात त्याला विरोध सुरू झाला आणि ती हकीकत त्याने जिल्ह्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात उभं राहून सांगितली. तिथे एका दगडाचे बरेच दगड झाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणखी दोन गावांनी हीच साक्ष द्यायला बोलावणं धाडलं.

छळ सोसणाऱ्याला मान मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण मान मिळायला लागला की छळ थोडा वाढवून सांगावासा वाटतो. माणूस आहे, चालायचंच.

आज मात्र तो साक्ष द्यायला आला नव्हता. त्याने मनाशी एक बेत पक्का केला होता आणि त्यावर बाबांचा आशीर्वाद हवा होता. जमल्यास पाठीवर थाप हवी होती. बाबा एके काळी हिवरदऱ्यालाच पाळक होते, तेव्हा त्यांनी ‘शाबास’ म्हटलं तर कोणी बोट ठेवणार नव्हतं.

“विरोध करतं कोण?” बाबांनी विचारलं.

“दशरथतात्या.”

“कंडक्टर?”

“तेच. एस.टी.तून रिटायर झालेत. विरोधाला एकच माणूस आहे बाबा, पण तो पुरून उरतो.”

मग सुहासने सगळं सांगितलं. दर रविवारी उपासनेच्या आधी तात्या लुनावरून येतात. चर्चच्या दारासमोर कडुनिंबाखाली लुना लावतात. कंडक्टरकीतली शिट्टी अजून गळ्यात आहे. इकडे पहिलं गीत सुरू झालं की तिकडे शिट्टी सुरू होते. प्रार्थनेच्या वेळी ते आवाज लावतात, आणि तो आवाज असा की खच्चून भरलेल्या गाडीतली माणसं त्याने मागच्या दारापासून पुढे सरकवलेली आहेत. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आता सवयीने सरकूनच बसतात.

“शिव्या देतो?”

“शिव्या नाही देत.”

“मग ओरडतो काय?”

सुहास घुटमळला. “काहीही.”

“काहीही म्हणजे?”

“परवा मी उपदेश करत होतो... मधेच ओरडले, ‘हे मागल्या म्हैन्यात झालंय, फुडचं बोला.’”

बाबांनी दोन्ही डोळे उघडले.

“झालं होतं?”

“...झालं होतं.”

“मंडळीतलं कोणी काही बोललं?”

“मंडळीत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.”

बाबा तोंडाने हसले नाहीत. पण त्यांचं पोट हलत होतं आणि त्यांच्याबरोबर जुनी खाटही कुरकुरत होती.

सुहासला ते फार लागलं. तो म्हणाला, “तुम्हाला हसू येतंय बाबा. मला रविवार जवळ आला की जेवण जात नाही.”

खाट कुरकुरायची थांबली.

“हं,” बाबा म्हणाले. “आता बोल.”

आता सुहासच्या आवाजातली मेळाव्याची लय गेली. तात्यांनी गवळ्याला सांगून पाळकाच्या घरचं दूध बंद केलं होतं. दुकानदार उधार-रोख कसंही सामान देईना. मंडळीतलं एक कुटुंब यायचंच थांबलं, बाकीचे येतात पण भिंतीकडे सरकून बसतात. आणि नाताळ तर तोंडावर आलेला. तात्यांनी चावडीवर सांगून ठेवलंय की नाताळला सगळी भावकी घेऊन येतो आणि चर्चला कुलूप ठोकतो.

“दशरथ असा नव्हता,” बाबा म्हणाले. “माझ्या वेळी नाताळचा फराळ मागून खायचा. एवढं बिनसलं कशावरून?”

“त्यांच्या आईवरून.”

“राहीबाई?”

“हो. ईस्टरला बाप्तिस्मा घेतला त्यांनी. मीच दिला.”

शमुवेलबाबा उठून बसले.

दगडाला ते उठले नव्हते. शिट्टीला उठले नव्हते. दूध बंद झालं तेव्हाही आडवेच होते. आता त्यांनी तेलकट पाय खाली सोडले आणि चपला चाचपायला लागले.

राहीबाईला ते ओळखत होते. त्यांच्या काळात ती चर्चच्या दारात, चपलांजवळ उभी राहून ऐकायची. आत ये म्हटलं की ‘घरी भाकरी टाकायच्यात’ म्हणून निघून जायची. ऐंशीच्या घरात आल्यावर तिच्या भाकरी आटोपल्या असाव्यात. सुहासने रीतीप्रमाणे तिला विचारलं होतं की बाप्तिस्मा का घ्यायचाय. ती म्हणाली होती, ‘मला हितं बरं वाटतं. आन आता उभं ऱ्हावत न्हाई.’

“तिचं कसं चाललंय?”

“ठीक असाव्यात.”

“म्हणजे तू गेला नाहीस.”

“तात्या दारात उभं करत नाहीत बाबा... पण कळतं. तात्यांनी त्यांचं गीतांचं पुस्तक बंबात घातलं. त्या म्हणाल्या म्हणे, ‘पानी बाकी झ्याक तापलं आज.’ तेवढंच. उपासनेला जायची तर सक्त बंदी आहे.”

“म्हणजे उपासनेला येत नाही.”

“येतात.”

“कशी?”

“लुनावरून.”

“कोणाच्या?”

“तात्यांच्या.”

सुहासला यात नवल करण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून तो सहज सांगत गेला. तात्या रविवारी घराबाहेर पडले की म्हातारी मागून चोरून उपासनेला जाणार, याची तात्यांना खात्री आहे. घरात लक्ष ठेवायला दुसरं कोणी नाही. मग करायचं काय? विरोध करायला तर वेळेवर पोचायलाच हवं. म्हणून ते तिला बरोबरच घेऊन येतात. वाटेत पडायला नको म्हणून उपरण्याने स्वतःच्या कमरेशी बांधतात. कडुनिंबाखाली पोत्याची घडी टाकतात आणि तिला चर्चकडे पाठ करून बसवतात.

“पाठ करून...”

“हो. दिसायला नको म्हणून.”

“आणि ऐकायला?”

“...ऐकायला येतंच की. मी मोठ्याने बोलतो.”

“आणि गीत सुरू झालं की?”

“त्या पण गातात. पुस्तक गेलं तरी सगळी पाठ आहेत त्यांना. तात्या शिट्टी फुंकतात, त्या गात राहतात. तात्यांच्या घशाला कोरड पडली की बाटलीतलं पाणी देतात आणि पुन्हा पुढच्या कडव्याला लागतात.”

शमुवेलबाबांनी डोक्यावरची माकडटोपी काढून हातात घेतली. तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. अंगणात एक कोंबडी खाटेखालून इकडून तिकडे गेली तरी त्यांनी तिला हाकललं नाही.

आपलं बोलणं बाबांना भिडलं, असं सुहासला वाटलं. हीच वेळ साधून त्याने आपला बेत सांगितला. येत्या नाताळपासून उपासना चर्चमध्ये घ्यायची नाही. गावाबाहेर मंडळीतल्या एकाचा मळा आहे, तिथे गोठ्याला लागून मोठी पडवी आहे. पहाटे पाचला तिथे जमायचं, हळू आवाजात दोन गीतं म्हणायची, आणि उजाडायच्या आत ज्याने त्याने घरी जायचं. मंडळीखेरीज कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही. रविवारी सकाळी तात्या कडुनिंबाखाली येतील तेव्हा चर्चला आपलंच कुलूप असेल. फुंकू देत मग शिट्टी.

“संकटात शहाणपणाने वागावं, बाबा,” सुहास म्हणाला. “प्रेषितालासुद्धा जीव वाचवायला टोपलीत बसून गावाच्या तटाच्या भिंतीवरून उतरावं लागलं होतं.”

“उतरला खरा,” बाबा म्हणाले. “पण त्या टोपलीत जागा एकाचीच होती. राहीबाईला कुठं बसवतोस?”

सुहासने याचा विचार केला नव्हता. त्याने तो जागच्या जागी केला.

“त्यांचं वय झालंय. घरी बसून प्रार्थना करतील. देव काय, सगळीकडेच आहे.”

“मग तू तरी थंडीचा मळ्यात कशाला जातोस? घरीच कर.”



आतून चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला. सुहासने बशी खाली ठेवली, पण हात तिच्यावरच राहिला. मेळाव्यात, मंडळीत, कुठेही जे तो बोलला नव्हता ते त्याने बशीकडे पाहत सांगितलं.

“मी भ्यालोय, बाबा.”

“भ्यालास तर भी. त्याला कोणाची ना नाही.” बाबांनी मिशीला लागलेला चहा पुसला. “ऐंशी वर्षांची बाई दशरथच्या लुनावर मागं बसते. ती काय भीत नसेल?”

सुहासला हसू आलं. ते ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण डोळ्यांत दुसरंच काही यायला लागलं होतं. गेले कित्येक रविवार त्या बाईची पाठ त्याला उपदेश करताना दारातून समोर दिसत होती. हिरवं लुगडं, वाकलेली पाठ, आणि शिट्टीच्या मधूनमधून येणारा चिरका आवाज. त्याला तो आवाज विरोधाचाच भाग वाटायचा. गीताची लय बिघडते म्हणून एकदा तो मनातून चिडलासुद्धा होता. ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. फार लांबवली नाही. सुहासचं नाव घेतलं, राहीबाईचं घेतलं, आणि दशरथतात्यांचं घेतलं. तात्यांच्या घशासाठी विशेष मागितलं. थंडीचे दिवस आहेत, असं त्यांनी देवाला सांगितलं.

सुहास उठला, ‘सलाम बाबा’ म्हणाला, चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला आणि परत आला. ज्यासाठी आलो ते राहूनच गेलं, असं त्याच्या ध्यानात आलं होतं.

“मग ते मळ्याचं काय करू? जागा नको ना बदलू?”

“का नको? बदल की,” बाबा म्हणाले. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, पाय वर घेतले आणि उन्हाकडे तोंड करून आडवे झाले.

सुहास चकित झाला. “खरंच बदलू? पहाटे पाच?”

“पाच तर पाच. मळा तर मळा. तू पाळक आहेस, तू ठरव.”

“आणि विरोध?”

बाबांचे डोळे मिटले होते.

“मंडळीला सांगायच्या आधी,” ते म्हणाले, “नवी वेळ दशरथला कळव.”