भिंतीतून दिसलेला उजेड

घराला ऊब कुठून येते, सांगाल का मला? कोणी म्हणेल चुलीतून, कोणी म्हणेल गोधडीतून. भिवरालाही तसंच वाटत होतं. तिची गोष्ट ऐका, मग पुन्हा सांगा.

तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं हेसुद्धा आता कोणाला आठवत नाही, इतकी ही गोष्ट जुनी आहे. उंच डोंगराच्या पठारावर एक छोटं गाव होतं. हिवाळ्यात तिथे असा गारठा पडे की पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होई. गावातली घरं कुडाची. कारवीच्या काठ्या ओळीने उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमाती लिंपायची, की झाली भिंत. दिवाळी सरली की बाया पदर खोचून लिंपणाला लागत.

लिंपण वाळलं की एक रीत पाळावी लागे. दिवेलागणीला शेजारीण ओल्या मातीचा गोळा घेऊन येई आणि बाहेरून घराभोवती फिरे. त्याच वेळी घरातली बाई पेटता दिवा धरून आतून भिंतीच्या कडेकडेने चाले. शेजारीण फिरता फिरता भिंतीला मातीचा हात लावी. मग दोघी चुलीपाशी बसून गूळ खात. त्यानंतरच ते घर थंडीला तयार झालं असं गाव मानी.

भिवराला वाटे, हे आपलं भिंतींचं औक्षण आहे. करायचं म्हणून करायचं. तिच्या शेजारी सगुणा राहायची. सगुणाच्या घरी हात लावायला भिवरा जाई ती उन्हं अंगावर असतानाच. दिवेलागणीला तिची स्वतःची चूल खोळंबायची ना! भर उजेडात ती भरभर फेरी मारी, एका जागी मातीचा हात फासे आणि परत येई. सगुणा मात्र भिवराच्या घरी अंधार पडताना येई आणि बराच वेळ बाहेर रेंगाळे. भिवराला आत दिवा धरून हात अवघडल्यासारखा होई. "किती गं हा तुझा वेळ," असं ती म्हणेही.

गावात सगळ्यांत उबदार घर भिवराचं होतं. लोक तिच्या लिंपणाचं कौतुक करत आणि तिला ते ऐकायला आवडे. सगुणाचं घर मात्र नेहमी गार.

एकदा झऱ्यावर पाणी भरताना याच गोष्टी निघाल्या. भिवरा हसत म्हणाली, "सगुणाच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी घोंगडी पुढे करावी लागते. ती तरी काय करणार? हातालाच कसब नाही."

बाया खळखळून हसल्या. सगुणाने हंडा डोक्यावर घेतला. "मग यंदा तुझ्या भिंतीला माझा हात लागायला नको, भिवरावैनी," एवढंच ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या वर्षी सगुणा फेरीला आली नाही. भिवरानेही बोलावलं नाही. एक काम वाचलं, असं ती मनाशी म्हणाली.

पुढे थंडी चढली आणि भिवराची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली, अगदी चिमणीएवढी. भिवराने घर सजवलं म्हणजे किती! जमिनीवर भाताचा पेंढा अंथरला, त्यावर मऊ गोधड्या घातल्या, दाराला घोंगडी टांगली, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं. तरी घरात वारं घुमत राहिलं. भिंतीला तळवा लावून पाहिला तर वारं इथूनही येतंय आणि तिथूनही येतंय असं वाटे. दिवसा पाहावं तर भिंत कुठेच फुटलेली दिसेना.

बाळाचे पाय काही ऊब धरेनात. ते रडायचंसुद्धा कमी झालं, नुसतं कण्हू लागलं.

लेक म्हणाली, "आई, तुझं घर असं कधीच नव्हतं. मी सासरी निरोप धाडलाय. उद्या सकाळी गाडी येईल. डोंगराखाली निदान असं वारं तरी नाही."

घाटाच्या उतारावरचा वारा भिवराला ठाऊक होता. बारसंही न झालेलं बाळ त्या वाटेने खाली जिवंत पोचेल का? आणि इथे ठेवून तरी जगेल का? भिवराचा नवरा गुरं घेऊन डोंगराखाली गेला होता. विचारावं तरी कोणाला?

संध्याकाळी घमेल्यातले निखारे विझत आले, म्हणून ती गोवऱ्या आणायला परसात गेली. एरवी या वेळी ती चुलीपुढे असायची. एवढ्या वर्षांत अंधार पडताना ती कधी घराबाहेर उभी राहिली नव्हती. गोवऱ्या घेऊन ती वळली आणि जागीच थांबली.

तिचं घर चमकत होतं.

आतल्या दिव्याचा उजेड भिंतीतून पाझरत होता. इथे केसाएवढी रेघ, तिथे मोहरीएवढा ठिपका. कुडाच्या काठीकाठीशेजारून सोनेरी धागे निघाले होते. जणू कोणी चांदण्या वेचून तिच्या भिंतीत खोवल्या होत्या. भिवराच्या हातातल्या गोवऱ्या खाली पडल्या. तिने आपोआप हात जोडले. असं देखणं तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की जिथून हा उजेड बाहेर जातोय, तिथूनच गारठा आत येतोय.

तिने मान वळवून सगुणाच्या घराकडे पाहिलं. तिथे तर सगळं आभाळच भिंतीवर उतरलं होतं.

तेव्हा भिवराला सगळं समजलं. सगुणा बाहेर का रेंगाळायची ते समजलं. आपण उन्हात मारलेल्या फेऱ्या आठवल्या. उन्हात दिव्याचा उजेड कसा दिसणार? वर्षानुवर्षं सगुणा आपल्या भिंतीतली एकेक फट बुजवत आली आणि आपण तिला गारठ्यात ठेवून वर तिलाच हसलो. कौतुक झालं ते आपल्या हाताचं नव्हतंच.

तिने माती भिजवली. पण आत दिवा फिरवायला कोणी हवं होतं आणि बाळंतिणीला उठवता येत नव्हतं. सगुणाला हाक मारायला तोंड होईना. मग ती सगुणाच्याच भिंतीपाशी गेली आणि तिथल्या फटी बुजवू लागली.

चाहूल लागून सगुणा बाहेर आली. "काय करतेस, वैनी?"

"जे दर वर्षी करायचं होतं, ते करतेय," भिवरा म्हणाली. "तू मला कधी सांगितलं का नाहीस गं?"

"दर वर्षी वाटायचं, यंदा तरी ही अंधार पडल्यावर येईल," सगुणा म्हणाली. मग तिने भिवराच्या हातातला मातीचा गोळा काढून घेतला. "बाळ तिकडे गारठतंय आणि तू माझी भिंत काय लिंपतेस? चल, आत जाऊन दिवा धर."

भिवरा दिवा धरून आतून चालू लागली. या वेळी तिचा हात अवघडला नाही. बाहेरून सगुणाचा तळवा भिंतीवर थापल्याचा आवाज येत होता. थाप पडे आणि तिथलं वारं थांबे. दिव्याची ज्योत आधी थरथरत होती, ती हळूहळू सरळ झाली. शेवटी ती इतकी स्थिर उभी राहिली की लेक बाजेवरून टक लावून पाहतच राहिली. बाळाच्या पायांत ऊब आली. ते मोठ्याने रडलं, दूध प्यालं आणि झोपी गेलं.

मग दोघी सगुणाच्या घरी गेल्या. सगुणा आत दिवा घेऊन फिरली आणि भिवरा बाहेर थंडीत उभी राहून फटी बुजवत राहिली, भिंतीवरची शेवटची चांदणी मालवेपर्यंत.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: आपल्या घराची फट आपल्याला आतून दिसत नाही, म्हणून बाहेरून ती बुजवणाऱ्या हाताला कधी कमी लेखू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत पांढरंशुभ्र गोठलं होतं, आणि घाट चढून आलेली गाडी रिकामीच परत गेली.