हुप्प्यानं काढलेल्या उवा

फार जुन्या काळी वानरांच्या रानातलं पाणी आटलं. पाणवठा उरला तो फक्त वैरी लालतोंड्या माकडांकडे. खालच्या फांदीवरचा हुप्प्या तेव्हा टोळीचा म्होरक्या. तो तिकडे गेला आणि चक्क त्यांच्या म्होरक्याच्या उवा काढत बसला.

झालं, झाडावर नुसता कल्ला.

"नाक कापलं आपलं," वरच्या फांदीवरचे म्हणाले.

"अहो, वैऱ्याच्या डोक्याला हात घालायला छाती लागते," खालचे म्हणाले.

तहानलेलं पिल्लू पोटाशी धरून भुरकी ऐकत होती. मागच्या उन्हाळ्यात वरच्या फांदीवरचा म्होरक्या असाच लालतोंड्यांकडे गेला, तेव्हा हेच बोल फांद्या बदलून आले होते: नाक खालच्यांचं, छाती वरच्यांची.

हुप्प्या परतताच सगळे तुटून पडले, "त्यानं तुमच्या काढल्या का?"

"दादा, पाणी?" भुरकीनं विचारलं.

"दिलं. रोज दुपारपर्यंत."

ती धावत सुटली. पिल्लू पोटभर पिऊन परतलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि झाडावर अजून उवाच चालू होत्या.