अर्जुनाची पाटी

वनस्पती उद्यानात इंटर्नशिप करताना वरदाने ऐनाच्या झाडावर ‘अर्जुन’ अशी पाटी टांगली. अर्जुनाची साल गुळगुळीत, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी खडबडीत. पण वरदाचं सगळं लक्ष आपल्या सुवाच्य अक्षराकडे.

पुढे ती तिथेच नोकरीच्या मुलाखतीला गेली, तेव्हा संचालक दिघावकरांनी ती पाटी सर्वांसमोर टेबलावर आपटली. “साधं झाड ओळखता येत नाही, आणि नोकरी हवी?”

“खरंय सर, माझं ज्ञान बेताचंच,” वरदा म्हणाली. “मलाही नंतर शंका आलीच होती. पण परवा अर्ज द्यायला आले, तेव्हा तुम्ही त्याच झाडाच्या सालीवरून हात फिरवत पाहुण्यांना अर्जुनाचे गुण सांगितलेत. म्हटलं, आपलं चुकून बरोबर आलेलं दिसतंय.”

मुलाखत घेणारे बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघू लागले.

नोकरी मिळाली. नवी पाटी लावताना शिडी दिघावकरांनीच धरली.