मोजणारा लेन आणि औषधाच्या डब्या

मला सांगा, विचारताक्षणी बिनचूक उत्तर देणाऱ्यावर तुम्ही किती भरवसा टाकाल? घाई करू नका, आधी ऐका.

पायथन नावाच्या नगरीत एक वैद्यबाई होत्या. तिथल्या चौकात नगर वसलं तेव्हापासून काही मदतनीस बसलेले. लेन मोजायचा, सम बेरीज करायचा, मॅक्स सगळ्यांत मोठं शोधायचा. नावानं हाक मारा, हातात वस्तू द्या, उत्तर तयार. मजुरी नाही, कुरकुर नाही.

वैद्यबाई सगळ्या रोग्यांच्या पुड्या एकाच पेटीत ठेवत आणि लेनकडून मोजून घेत. एका दुपारी विणकराची म्हातारी आई आली.

"बाई, सुनेची आजची पुडी द्या. ताप उतरत नाही."

औषध जहाल. दिवसाला एकच पुडी. दुसरी गेली तर जिवावर बेतायचं. सकाळच्या गर्दीत विणकर पुडी घेऊन गेला की काय, हे बाईंना आठवेना. त्यांनी लेनला हाक मारली.

"पेटीत अकरा," लेन म्हणाला.

"तिची आजची गेली का?"

"ते मला काय ठाऊक? पेटी दिलीत, पेटी मोजली."

"अरे, रोज तूच मोजतोस ना!"

"मोजतो. लक्षात ठेवत नाही."

म्हातारी फणकारली, "तुम्हालाच आठवेना, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

अंदाजानं देऊन मोकळं होणं सोपं होतं. पण बाई म्हणाल्या, "खरंच आठवत नाही, आजी. चला, घरी येते."

घरी सून अंथरुणातून म्हणाली, "सकाळीच घेतली की! ह्यांनी आणून दिली."

म्हणजे दुसरी पुडी जाता जाता राहिली! तिथून बाई थेट सुताराकडे गेल्या. सुतारानं त्यांना एक साचा करून दिला. त्या नगरीत साच्याला क्लास म्हणतात.

"हाक लेनसारखीच मारायची," सुतार म्हणाला, "पण लेन उत्तर देतो, साचा नवी डबी देतो. प्रत्येक डबीवर रोग्याचं नाव आणि शेवटची पुडी कधी दिली ते. एकीतली पुडी काढली तर दुसरी हलत नाही. फक्त पुड्या डबीत ठेवा, साच्यात नको; साचा सगळ्या डब्यांना एकच. नाहीतर पुन्हा सगळ्यांची एकच पेटी!"

"मग लेनला रजा देऊ?"

"छे! डबीतल्या पुड्या कोण मोजणार?"

सून आठवड्यात मागावर बसली. म्हातारी डबीवरची नोंद वाचून घेत म्हणायची, "ही बरी, सुनेसारखी उलट बोलत नाही."

तात्पर्य: मोजणारा वेगळा, जपणारा वेगळा, दोघांकडून ज्याचं त्याचं काम घ्यावं. आणि एक विनंती, मंडळी: डबी लिहिलेलं तेवढंच सांगते, म्हणून ज्याची नोंद त्याच्या डबीवर, आणि खरी लिहा.