गप्प बसवलेला प्रोग्राम

एका तालुक्याच्या गावात मुकुंद तौर नावाचा माणूस होता. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून तो पोट भरायचा. मोबाइलवरचे खेळ नव्हेत. दुकानात, डेअरीत, दवाखान्यात टेबलावर जो कॉम्प्युटर मांडून ठेवलेला असतो, त्याच्याकडून काम करून घेणारे प्रोग्राम. हात चलाख, डोकं चलाख. बूड मात्र एका जागी टिकायचं नाही. खुर्चीत बसला तरी गुडघा हालत राहायचा. चहा उभ्याने प्यायचा. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत याचं उत्तर तयार असायचं.

त्याला वैताग होता तो फोनचा. प्रोग्राम कुठे अडखळला की पडद्यावर एक खोकं यायचं, त्यात इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असायचं. ते दिसलं की गिऱ्हाईक घाबरायचं.

"अहो तौर, खोकं आलंय."

"काय लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय तुम्ही, आणि विचारता आम्हाला?"

मग मोटारसायकल काढायची, धूळ खात जायचं, आणि बघावं तर प्रिंटरची वायर सुटलेली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? त्या खोक्यात सरळ मराठीत लिहिलं असतं, 'प्रिंटरची वायर बघा.' विषय संपला असता. पण तेवढा दम धरायचा कुणी? मुकुंदने दुसरीच युक्ती काढली. प्रोग्राम जिथे जिथे अडखळण्यासारखा होता, तिथे तिथे त्याने लिहून ठेवलं: अडखळलास तर तोंड उघडू नकोस, पुढे चालू लाग.

फोन बंद झाले. लोक म्हणायला लागले, "तौरचा प्रोग्राम कधी आजारीच पडत नाही." ऐकून ऐकून मुकुंदलाही ते खरं वाटायला लागलं. आपणच रोग्याच्या तोंडात बोळा कोंबायचा, आणि तो कण्हत नाही म्हणून आपणच खूश व्हायचं. असला हा प्रकार.

शेजारच्या खेड्यात कुशावर्ताबाई घनघाव रेशमाच्या अळ्या सांभाळायची. अंड्यातून निघालेली अळी मुंगीहून बारीक असते. ती जरा अंगाने भरेपर्यंत बाईकडे ठेवायची आणि मग शेतकऱ्यांनी आपापल्या शेडवर न्यायची, अशी रीत. त्या भागातलं सगळं रेशीम बाईच्या एका खोलीतून निघायचं. खोलीत ऊब हवी, नाहीतर अळी गारठते. शिवाय अळ्या कात टाकायला बसल्या की पाला बंद, दार बंद. तेव्हा आत कुणी पाऊलही टाकायचं नाही. म्हणून बाईने थर्मामीटर असा टांगला होता की बाहेरून खिडकीच्या काचेतून दिसावा. काचेला नाक लावून लावून बाईच्या नाकाचा ठसा काचेवर उमटला होता.

मुकुंदने खोलीत एक सेन्सर बसवला, त्याची वायर पुढच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडली. खोलीत किती ऊब आहे तो आकडा पडद्यावर दिसायला लागला.

"आता काचेला नाक लावणं बंद मावशी," तो म्हणाला. "इथं बसून चहा प्या आणि बघा." आणि थर्मामीटर त्याने स्वतःच्या हाताने खिळ्यावरून उतरवला.

सुरुवातीला सेन्सर मधूनच दम खायचा. आकडा यायचा नाही, खोकं यायचं. बाईचा फोन यायचा. "मुकुंदा, तुझं खोकं परत आलंय बघ. काय म्हणायलंय ते?"

दोनचार फोन झाल्यावर मुकुंदने तिथेही तीच युक्ती केली. नवा आकडा आला नाही, तर जुनाच पडद्यावर राहू दे. खोकं गेलं. बाई खूश. मुकुंद त्याहून खूश.

थंडी पडली. खंडेराव गाडेकर नावाचा एक शेतकरी होता, सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याला आपल्या शेडवर असाच प्रोग्राम हवा होता. आबा घासाघीस करणारा, लवकर न पटणारा गडी. आबाला पटलं की बाकीच्यांना पटवायची गरज नाही, हे मुकुंदला माहीत होतं. म्हणून तो आबाला घेऊन सकाळी बाईकडे आला. आबाच्या अळ्याही त्याच खोलीत होत्या. आदल्या सांजेपासून कात टाकायला बसल्या होत्या. दार बंद होतं.

पडद्यावर आकडा होता, सत्तावीस पूर्णांक चार.

"बघा आबा," बाई कौतुकाने म्हणाली. "कालपासून जागचा हाललेला नाही. आमच्या ह्यांना इतकं गप बसायला कधी जमलं नाही."

आबा हसला. मुकुंदही हसला, आणि हसता हसता थांबला.

जागचा हाललेला नाही?

जित्या खोलीतला आकडा असा बसत नाही. तो थोडा वर जातो, थोडा खाली येतो. सूर्य वर आला तरी त्याला कळतं. मुकुंदचा गुडघा हालायला लागला. बाईने चहा दिला तो त्याने तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. नजर पडद्यावरून हालेना. सत्तावीस पूर्णांक चार. आबा काहीतरी विचारत होता. मुकुंद हं हं करत होता.

"अरे, वायर किती लागेल म्हणून विचारायलोय," आबा म्हणाला. "तुझं ध्यान कुठंय?"

मुकुंद उठला. "मावशी, रात्री लाईट गेली होती का?"

"पहाटं गेली होती जराशी. पण कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतोय ना. तो कशाला बंद पडतोय?"

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता. हीटर नव्हता. आणि लाईट परत आल्यावर हीटर हाताने चालू करावा लागायचा. आकडा तोच दिसतोय म्हणून बाई मागे गेलीच नव्हती.

मुकुंद पळत मागे गेला आणि त्याने दार उघडलं. खोली गार होती. हीटर बंद होता. कोपऱ्यात उंदराने सेन्सरची वायर कुरतडून दोन तुकडे केले होते. ट्रेमधल्या अळ्या आखडून पडल्या होत्या. बाई मागोमाग आली. आत पाऊल टाकताच तिच्या अंगावरून गारवा गेला, आणि ती एकेका ट्रेवर वाकून बघायला लागली.

मग धावाधाव झाली. हीटर लावला, शेगड्या पेटवून उंबऱ्याबाहेर फुलवल्या, धूर गेल्यावर आत नेल्या. आबाने फटी बोचक्यांनी बुजवल्या. हळूहळू खोली तापली. काही ट्रेंमधल्या अळ्यांनी माना हालवल्या. काही ट्रेंमधल्या तशाच राहिल्या, अर्ध्या कातीत अडकलेल्या. त्यात आबाचे ट्रे जास्त होते.

बाई उंबऱ्यावर बसली. "मेल्या उंदरानं घात केला."

"उंदराचं काय," आबा म्हणाला, "त्याला थोडंच ठावं आत काय हाय."

"ह्या मुकुंदाला बुद्धी झाली म्हणून निम्म्या तरी वाचल्या," बाई म्हणाली. "देवानंच धाडलं बाबा तुला."

आता बघा. दोष उंदराच्या गळ्यात आयता पडला होता. उंदीर काही साक्ष द्यायला येणार नव्हता. वायर जोडायची, तो मुका आदेश गुपचूप काढून टाकायचा, आणि देवाने धाडलेला माणूस म्हणून घरी जायचं. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

मुकुंदने वायर जोडली. "येतो मावशी," म्हणाला. मोटारसायकलला किक मारली आणि सुटला. ओढ्याच्या पुलापर्यंत गेला, तिथे गाडी थांबवली, उतरला. कठड्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. देवानंच धाडलं, हे शब्द कानातून जाईनात. काचेवरचा नाकाचा ठसा डोळ्यांपुढून हालेना. ती काच बाईने पुसून लखलखीत केली होती, कारण तिथे बघायची गरज नाही असं त्यानेच सांगितलं होतं.

गाडी वळवली.

बाई आणि आबा मेलेले ट्रे बाहेर काढत होते. मुकुंद उभ्या उभ्याच बोलला. एका दमात बोलला, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"मावशी, वायर उंदराने तोडली. पण तुटली हे प्रोग्रामला कळलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, असं त्याला मी शिकवलं होतं. तुमचे फोन यायचे, मला कटकट व्हायची, म्हणून."

बाईने हातातला ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे कालपासून मी काय बघत होते?"

"जुना आकडा. वायर तुटायच्या आधीचा."

"म्हणजे मेलेल्या माणसाचा फोटो बघून मी म्हणत होते, तब्येत बरी दिसतीय!" बाईचा आवाज चढला. "मुकुंदा, एक फोन उचलायला तुझा हात मोडला होता का रे? माझ्या नावावर लोक जीव ठेवून जातात हितं. आता त्यांना तोंड मी दाखवायचं का तू?"

"मी दाखवतो."

"दाखवच," आबा म्हणाला. "सुरुवात माझ्यापासनं कर. आणि माझ्या शेडवर तुझा तो प्रोग्राम काही बसवायचा नाही."

मुकुंदने मान खाली घातली. बाई फणकारली, "नुसता उभा राहून काय करायलास? आधी ते नीट कर, मग जा कुठं जायचंय तिथं."

मुकुंद कॉम्प्युटरपुढे बसला. त्या दिवशी तो बसला तो उठला नाही. मुका आदेश त्याने काढून टाकला. आता नवा आकडा आला नाही, तर जुना पडद्यावर राहत नव्हता. तो पुसला जाई, घंटा वाजे, आणि लाल अक्षरांत मजकूर येई: 'मला माहीत नाही. खोलीत जाऊन बघा.' आकड्याखाली तो कधी घेतला ती वेळही दिसू लागली. मग त्याने नुसतं लिहून समाधान मानलं नाही. वायर स्वतः उपटून बघितली. घंटा वाजली. हीटर बंद करून बघितला. आकडा उतरला. आपलं लिहिणं चालतंय का नाही, हे बघायला वायर उपटावी लागते, हे त्याला त्या दिवशी कळलं. इतके दिवस तो फक्त सगळं जोडलेलं असतानाच बघत होता.

बाईने लाल अक्षरं वाचली. "हे बरंय," म्हणाली. "माणसागत बोलायलंय." मग आतून थर्मामीटर आणला आणि त्याच्या हातात दिला. "खिळा तिथंच हाय. तूच उतरवलास, तूच टांग."

त्याने टांगला.

दुसऱ्या दिवसापासून तो डेअरीत गेला, दवाखान्यात गेला, दुकानादुकानात गेला, आणि सगळीकडच्या प्रोग्रामांच्या तोंडातले बोळे काढत फिरला. फोन पुन्हा वाजायला लागले. लोक म्हणायला लागले, "तौरचा प्रोग्राम पहिल्यासारखा राहिला नाही. सारखा कुरकुरतो." मुकुंदने एकाशीही वाद घातला नाही. प्रत्येक फोन उचलला. आबाने प्रोग्राम घेतला नाही तो नाहीच.

थंडी सरत आली होती. एका दुपारी बाईचा फोन आला. मुकुंद ताडकन उभा राहिला, गाडीची किल्ली हातात.

"काय झालं मावशी?"

"तुझं 'माहीत नाही' आलं होतं. घंटा वाजली. काचेतून बघितलं, पारा उतरलेला. हीटर बंद पडला होता, चालू केला. सेन्सरची वायरपण सुटली होती, ती खोचली. अळ्या मजेत हायत."

"मग... येऊ का?"

"कशाला? काम झालंय. सांगावं म्हणून फोन केला." आणि तिने फोन ठेवला.

मुकुंद खुर्चीत बसला. चहा आला, तो त्याने बसून प्यायला. गुडघा हालत नव्हता.

तात्पर्य: चूक झाल्यावर ओरडणारा प्रोग्राम वाईट नसतो, चूक गिळून 'सगळं ठीक आहे' म्हणणारा वाईट असतो, आणि त्याला तसं शिकवणारा त्याहून वाईट. ज्याला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'ठीक आहे'वर विसंबू नये, मग तो कॉम्प्युटर असो नाहीतर माणूस.