बापूंचे दोन वूफर

गाडीत सबवूफर, म्हणजे छाती धडधडवणारा तो मोठा स्पीकर, एक बसवायचा की दोन, या प्रश्नापायी दूध संघाचे चेअरमन रणधीरबापू यांची झोप उडाली होती. संघाच्या दुधात पाणी सापडलं, तेव्हासुद्धा ते खुशाल घोरत होते!

विरोधी गटाच्या तात्यांच्या गाडीत एक होता. म्हणून बापूंनी भर चौकात मिशीला पीळ देऊन सांगून टाकलं, "आपल्या गाडीत दोन!" घरी आल्यावर आईनं, म्हणजे आक्कासाहेबांनी, दम भरला, "त्या गाडीतनं मी देवाला जाते. माझ्या छातीत धडधडलं तर तुलाच खाली उतरवीन!" बापूंनी तिलाही शब्द दिला, धडधड म्हणून होणार नाही. शब्द देण्यात बापूंचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

दोन्ही शब्द पाळायचं काम आलं वैजूच्या गळ्यात. स्टँडसमोर बापूंच्याच गाळ्यात ती गाड्यांना स्पीकर बसवून द्यायची.

"बापू, एकच बसवा," वैजू म्हणाली. "आवाज बेताचा ऱ्हातो, डिकीत जागाबी ऱ्हाते. दोन बसवले तर देवाचा नारळ तुमास्नी डोक्यावर घ्यावा लागंल!"

"मला शिकवू नगंस! लोकांनी दोन मोजले पायजेत, गाणं दणक्यात वाजलं पायजे आन् आईच्या छातीत कायबी व्हायला नगं. सांजच्याला गाडी चौकात! न्हाईतर गाळा खाली कर!"

गाळा गेला तर खायचं काय? ही चिंता होतीच, पण त्याहून जास्त वैजूला राग आला. शब्द यांनी द्यायचे आणि निस्तरायचे हिनं! त्या रागाच्या भरात दुसऱ्या वूफरची लाल तार तिनं काळीच्या जागी जोडली. गाणं लावलं, तर दारातल्या स्पीकरांतून ते खणखणीत वाजलं, पण धडधड गायब! चूक दुरुस्त करायला गेलेला तिचा हात तसाच थांबला, आणि ती एकटीच खो खो हसत सुटली.

संध्याकाळी चौकात डिकी उघडली. लोकांनी दोन वूफर मोजले. तात्यांचं तोंड एवढंसं झालं. आक्कासाहेब मागच्या सीटवर पान जमवत बसल्या. गाणं दणक्यात सुरू झालं, बापूंनी आईकडं वळून पाहिलं.

"लाव की आता ते तुझं धडधडणारं!" आक्कासाहेब म्हणाल्या.

"लावलंय, आई!"

बापू डिकीपाशी धावले. "वैजे, बंद ठेवलेस व्हय गं?"

"हात लावून बघा की!"

बापूंनी हात लावला. दोन्ही वूफर थडथडत होते. "मग आवाज गेला कुठं?"

"एकाची तार उलटी जोडली, बापू. एक पुढं ढकलतो तवा दुसरा मागं वढतो. दोघंबी जीव तोडून राबत्यात, आन् भाईर कायबी पडत न्हाई!"

"आयला! हे सुचलं कुठनं तुला?"

"तुमच्या संचालक मंडळावरनं!"

आधी आक्कासाहेब फिसकन हसल्या, मग बापू पोट धरून असे हसले की गाडीच हलू लागली.

"रणधीर, गाळा पोरीच्या नावावर कर!" आक्कासाहेबांनी फर्मावलं.

"करतो, आई! शब्द दिला!"

"शब्द ऱ्हाऊ दे," म्हातारी पान तोंडात सारत म्हणाली, "वकिलाला बोलाव!"