नाव गिळलेला मनोरा

विमानांना वाट दाखवायला उपग्रह नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. धावपट्टीजवळच्या माळावर एक रेडिओचा मनोरा उभा होता. तो हाक घाली आणि विमानातला काटा बरोब्बर त्याच्याकडे वळे. हाकेसोबत तो घडोघडी आपलं नावही सांगे. एवढ्या कामात तो सुखी होता.

एका सकाळी पायथ्याची टिटवी वैतागली. "अरे, स्वतःचं नाव किती मिरवशील? जरा लाज बाळग!"

मनोरा ओशाळला. हाक चालू ठेवून त्याने नाव तेवढं गिळलं.

तेवढ्यात धुकं उतरलं आणि एक विमान आलं. काटा मनोऱ्याकडे वळला, तरी वैमानिक सोबत्याला म्हणाला, "नाव ऐकू येत नाही. मनोरा बिघडला असेल. या काट्याच्या भरवशावर मी खाली उतरणार नाही." विमान वरच घिरट्या घालू लागलं.

खाली टिटवीची पिल्लं धुक्यात पांगली होती. "टिटीव, टिटीव," टिटवी एकसारखी ओरडत सुटली. एकेक पिल्लू धडपडत तिच्या पंखाखाली शिरलं.

"तूही तेच तेच बोलतेस की," मनोरा म्हणाला.

"मग? त्यांना आई कोणती हे कळायचं कसं?"

वरची घरघर काही थांबेना. टिटवीने मान वर करून पाहिलं आणि ती मनोऱ्यावरच खेकसली, "अरे, मग गप्प का उभा आहेस? सांग की तुझं नाव!"